कोत्तमल्लीचं बिल

आमचं बिलिंगचं ॲप वर्षाला साडेतीन हजार रुपयांना विकलं जातं, आणि त्यातला बहुतेक माल आमचा नाही. मार्केटिंगच्या मुलांसमोर मी असं काही बोलायला लागले की ती आधी दार लावून घेतात. पण हिशेब सरळ आहे. ॲप चालतं अँड्रॉइडवर, अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्स. दुकानातला माल, उधारी, जीएसटी सगळं साठतं एसक्यूलाइटमध्ये. बारकोड वाचायला झेडएक्सिंग. तमिळ अक्षरं जागच्या जागी बसवायला हार्फबझ. यातल्या कोणालाही आम्ही कधी छदाम दिलेला नव्हता. आमचं म्हणावं असं जे आहे ते या सगळ्याच्या वरचं: किराणा दुकानात उधारी कशी लिहितात, सुटे पैसे कसे वळते करतात याची जाण, त्यावर बेतलेले पडदे, आणि फोन उचलणाऱ्या दोन मुली.

मी मूळची सोलापूरची. कंपनी चेन्नईत, पेरुंगुडीला, ओएमआर या हमरस्त्यापासून जरा आत. खाली मेस आणि वर आम्ही. आमची बहुतेक गिऱ्हाइकं म्हणजे अण्णाची. चेन्नईत किराणा दुकानदाराला सरसकट अण्णाचीच म्हणतात. पूर्वी दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतून येऊन ज्यांनी इथे गल्लोगल्ली दुकानं टाकली, त्यांच्यावरून पडलेलं हे नाव. माडिपाक्कमच्या अशाच एका दुकानात मी ॲप दाखवत होते. अण्णाचींचा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तो मघापासून गप्प होता, मग म्हणाला, “अक्का, यातलं जवळजवळ सगळं ओपन सोर्सच आहे ना? मग पैसे कशाचे घेता?”

हा प्रश्न या शहरात टोलवता येत नाही. राज्य सरकारने पोरांना फुकट लॅपटॉप वाटले त्यांवर बॉस लिनक्स असायचं, आणि ते बनलं याच शहरात, सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात, डेबियनच्या पायावर. एल्कॉट या सरकारी महामंडळाने 2006-07 च्या सुमाराला आपली कचेरीच लिनक्सवर नेली होती. चेन्नईचा लिनक्सवाल्यांचा गट 1998 पासूनचा. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आयआयटीत जमण्याची त्यांची जुनी रीत. तेव्हा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या पोरालाही लायसन्स म्हणजे काय ते ठाऊक असतं.

मी म्हटलं, “दिवाळीच्या आदल्या रात्री दहा गिऱ्हाइकं रांगेत आणि बिल निघत नाही, तेव्हा तू कोणाला फोन करणार?” अण्णाची हसले, त्यांनी पैसे भरले. मुलगा हसला नाही. त्याचं बरोबर होतं. माझं उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

विकायला मनाई नाही, हे आधी सांगून टाकते, कारण त्यात भल्याभल्यांचा गोंधळ असतो. रिचर्ड स्टॉलमन म्हणजे या चळवळीतला सगळ्यांत हट्टी माणूस. तो स्वतः 1985 मध्ये ईमॅक्सच्या टेप दीडशे डॉलरला विकायचा. त्याने लिहिलेलं जीपीएल लायसन्स किंमत कितीही लावा म्हणतं. अट एवढीच की ज्याला विकाल त्याला सोर्सही मिळाला पाहिजे, आणि त्याने तो पुढे दिला तर हात धरायचा नाही. म्हणजे माडिपाक्कमच्या अण्णाचींनी पैसे मोजून घेतलेला असा प्रोग्राम तांबरमच्या मेहुण्याला फुकट दिला, तर तक्रार करता येत नाही. धंद्याला चिमटा बसतो तो इथे. एमआयटी किंवा अपाची लायसन्सवाले त्याहून मोकळे: घ्या, बदला, विका, सोर्स दाबून ठेवा, फक्त आमचं नाव आणि लायसन्सचा कागद काढून टाकू नका. रेड हॅटने लिनक्सवर पोट भरलं, आणि 2019 मध्ये आयबीएमने ती कंपनी 34 अब्ज डॉलरला विकत घेतली. ब्रॉडबँड यायच्या आधी रिची स्ट्रीट या इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात लिनक्सच्या सीडी पैसे देऊन घ्याव्या लागत, असं ऑफिसातले जुने लोक सांगतात. त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं; डाउनलोडला लागलेल्या रात्रींचे ते पैसे होते.

सगळ्यांत गंमत एसक्यूलाइटची. त्याच्या कर्त्यांनी सगळे हक्क सोडून दिलेले आहेत, लायसन्स म्हणून नाहीच. पण मोठ्या कंपन्यांच्या वकिलांना लायसन्स नसलेली वस्तू हातात धरवत नाही. म्हणून एसक्यूलाइटवाले अशा लोकांना हक्काबद्दलची हमी लिहून विकतात. वस्तू फुकट, वकिलाची झोप विकत. मला हा व्यवहार अत्यंत प्रामाणिक वाटतो.

आमच्याकडे ठिणगी पडली ती एका मोठ्या ऑर्डरीमुळे. सुपरमार्केटची साखळी चालवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने सही करण्याआधी यादी मागितली: तुमच्या ॲपमध्ये दुसऱ्यांचं काय काय आहे, कोणत्या लायसन्सखाली. हल्ली मोठे लोक हे मागतातच. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. एसक्यूलाइट, झेडएक्सिंग, फॉन्ट हे सगळं सरळ निघालं. अडलं ते पीडीएफपाशी. व्हॉट्सॲपवर बिल पाठवायला जी पीडीएफ बनते ती बनवत होतं आयटेक्स्ट. आयटेक्स्ट पूर्वी ढिल्या लायसन्सखाली मिळायचं. 2009 मध्ये पाचवी आवृत्ती आली ती एजीपीएलखाली. त्याचा अर्थ, एक तर तुमच्या ॲपचा सगळा सोर्स वापरणाऱ्यांना खुला करा, नाहीतर आयटेक्स्टकडून पैसे देऊन वेगळं लायसन्स घ्या. आमच्याकडे होती ती पाचवीच. आणि दोन्हींपैकी काहीच झालेलं नव्हतं.

मीटिंगमध्ये मालक म्हणाले, “इतकी वर्षं चाललंय. कोणाला कळलं?” आमच्याकडे मालकांना सगळे सारच म्हणतात, आणि सार वाईट माणूस नाहीत, दुकानदाराचा मुलगा, पै-पैचा हिशेब असलेला. उत्तर दिलं मदुरैच्या आमच्या एका सीनियरने. तो एरवी मीटिंगमध्ये डोळे मिटून बसतो. तो म्हणाला, “सार, मागं आपलं ॲप कोणीतरी क्रॅक करून टेलिग्रामवर टाकलं होतं. तेव्हा तुम्ही सायबर क्राइमच्या कचेरीत जाऊन बसला होता.”

पुढे कोणी काही बोललं नाही. त्याने नेमकं बोट ठेवलं होतं. मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स म्हणजे दानपत्र नव्हे, ते उभं आहे कॉपीराइटच्याच कायद्यावर. जो कायदा आमचं ॲप चोरणाऱ्याला चोर ठरवतो, तोच आम्हालाही ठरवतो. एकाच कायद्याचा एक हात धरायचा आणि दुसरा झटकायचा, हे चालणार नाही. जर्मनीत म्युनिचच्या कोर्टाने 2004 मध्येच जीपीएल न पाळणाऱ्या राउटरवाल्याच्या विरोधात निकाल दिला होता. ही कागदावरची भुतं नाहीत.

आयटेक्स्ट काढायचं ठरलं. आणि इथे एक जुनं दुखणं वर आलं. तमिळमध्ये ऱ्हस्व ‘कॊ’ लिहिताना स्वरचिन्हाचे दोन तुकडे होतात, एक व्यंजनाच्या आधी बसतो आणि एक नंतर. साठवताना मात्र व्यंजन आधी आणि चिन्ह नंतर, असा क्रम असतो. चितारताना कोणीतरी ते तुकडे उचलून जागेवर ठेवावे लागतात. आमच्या जुन्या पीडीएफला ते येत नव्हतं, त्यामुळे कोत्तमल्ली, म्हणजे आपली कोथिंबीर, बिलावर मोडकी उमटायची. आपल्याकडचंच उदाहरण द्यायचं तर वेलांटी जागेवर न बसल्यामुळे मिरचीची मरिची व्हावी तसं. अण्णाची लोक सवयीने वाचायचे. पण फोनवर बिल बघून एखाद्या पाटी, म्हणजे आजीबाई, विचारायच्या की हे काय मागवलं मी? त्यावर आमच्यातल्या कोणीतरी अक्षरं आधीच उलटसुलट करून पाठवण्याची क्लृप्ती काढली होती. ‘कॊ’ सुधारला की दुसरंच काहीतरी बिघडायचं.

शेवटी आम्ही बिल अँड्रॉइडच्याच कॅनव्हासवर चितारलं आणि तिथूनच पीडीएफ काढली. अँड्रॉइड अक्षरं जुळवायला आतून हार्फबझ वापरतं, त्यामुळे तमिळ आपोआप सरळ झालं. तीन इंची थर्मल प्रिंटरला तर तमिळ येतच नाही, त्याला बिलाचं चित्रच पाठवावं लागतं. तेही त्याच कॅनव्हासवरून गेलं. आमच्या क्लृप्तीच्या शेकडो ओळी एका दुपारी कचऱ्यात गेल्या. सीनियर म्हणाला, चोरीचा माल होता तेव्हा कोत्तमल्लीसुद्धा धड नव्हती.

हार्फबझ हे क्रोममध्ये आहे, फायरफॉक्समध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्ये आहे. बेहदाद एस्फाहबोद या मूळ इराणी माणसाने त्याची आजची घडण मुख्यतः केली. भारतातल्या कुठल्याही फोनवर मराठी वा तमिळ नीट दिसतं, तेव्हा बहुतेक वेळा हेच मागे काम करत असतं. आम्ही मात्र जाहिरातीत लिहीत होतो: ‘आमचं खास तमिळ तंत्रज्ञान’. यादी करताना ती ओळ मी आधी काढायला लावली. मार्केटिंगने कुरकुर केली, पण कायद्याची तिथे काही अडचण नव्हती, आणि म्हणूनच मला ती ओळ आयटेक्स्टपेक्षा जास्त खुपत होती. लायसन्स मोडणं हा गुन्हा आहे, कोणीतरी पकडतं. खोटी बढाई कोणी पकडत नाही.

ही बढाई आमच्या छोट्या कंपनीपुरती नाही. 2023 च्या जानेवारीत आयआयटी मद्रासच्या छत्राखालच्या एका कंपनीचं भारओएस जाहीर झालं. दोन केंद्रीय मंत्र्यांनी ते चालवून पाहिलं, बातम्यांत ‘स्वदेशी’ ठळक अक्षरांत आलं. ते अँड्रॉइडच्या मुक्त सोर्सवर उभं आहे हे मात्र जाणकारांना मागाहून सांगावं लागलं. मग टवाळी झाली. मला ती टवाळी पटली नाही. अँड्रॉइड घेऊन त्यातलं नको ते काढणं, नीट बंदोबस्त करणं हे खरं काम आहे, त्यात लाज कसली? त्याच आयआयटीत शक्ती नावाचा प्रोसेसर घडला, तो रिस्क-फाइव्ह या खुल्या आराखड्यावर, आणि तिथले लोक हे पहिल्या वाक्यात सांगतात. झोहोचा उला ब्राउझर क्रोमियम या खुल्या ब्राउझरवर बेतलेला आहे. केंद्र सरकारच्या ब्राउझर स्पर्धेत 2025 मध्ये त्याला पहिलं बक्षीस मिळालं, एक कोटी रुपये. मुळापासून नवा ब्राउझर लिहायला बसले असते तर अजून लिहीतच असते. दुसऱ्याच्या पायावर उभं राहण्यात कमीपणा नाही. पाय आपलेच आहेत असं सांगण्यात आहे.

दुकानं, म्हणजे ॲपची दुकानं, फुकटचं विकण्याच्या या प्रश्नात हात पोळून घेतात. मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये नियम आणला की जे ओपन सोर्स इतरत्र फुकट मिळतं ते आमच्या स्टोअरवर विकून नफा कमवायचा नाही. हेतू होता नकलाखोरांना हाकलण्याचा: दुसऱ्याचं ॲप उचलायचं, चिन्ह बदलायचं, दोनशे रुपये लावायचे, हा धंदा तिथे चांगला चालायचा. पण त्यात क्रितासारखे लोकही भरडले गेले असते. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर. त्यांच्या साइटवर फुकट आणि स्टोअरवर पैसे देऊन, आणि त्या पैशांतून काम करणाऱ्यांचे पगार निघतात. ओरड झाली, मायक्रोसॉफ्टने नियम मागे घेतला. लिब्रेऑफिसवाल्यांनी त्याच वर्षी ॲपलच्या स्टोअरवर आपलं सॉफ्टवेअर 8.99 यूरोला लावलं, आणि तेच त्यांच्या साइटवर फुकट आहे. म्हणजे एकाच वस्तूची विक्री एकाच्या हातून योग्य आणि दुसऱ्याच्या हातून लबाडी. फरक पैशात नाही, पैसे कुठे जातात त्यात आहे. नियम लिहिणाऱ्याला हे पकडणं अवघड, आणि साध्या माणसाला पहिल्या झटक्यात कळतं.

माडिपाक्कमच्या मुलाला द्यायचं उरलेलं उत्तर इथे कुठेतरी होतं. ओएमआरवर राहणाऱ्याला ते लवकर उमजायला हवं. आमच्या सोसायटीत पाणी टँकरने येतं. पाण्याचा असा दाम कोणी ठरवलेला नाही. आम्ही पैसे देतो लॉरीचे, डिझेलचे, पहाटे पाच वाजता येण्याचे. टँकरवाला लुटतो असं मी म्हणणार नाही. पण ते पाणी कुठल्यातरी गावच्या विहिरीतून उपसलेलं असतं, आणि 2019 च्या जूनमध्ये पूंडी, चोळवरम, पुळल, चेंबरंबाक्कम सगळे तलाव आटले तेव्हा त्या गावच्या लोकांनी लॉऱ्या अडवल्या. आम्ही अण्णाचींना विकतो तीही वाहतूकच: आणून देणं, जोडून देणं, अडलं तर धावून जाणं. ते पैसे हक्काचे आहेत. फक्त रात्री अकराला फोन येतो आणि दोष आमच्या थरात नसून खालच्या लायब्ररीत निघतो, तेव्हा आम्हीही कोणाचं तरी दार वाजवतो. त्या माणसाला पगार नाही. हमी आम्ही विकली, आणि ती निभावायला त्याला उठवलं.

हे दार किती पातळ असतं ते जगाने पाहिलं आहे. 2014 मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. निम्म्या इंटरनेटची कुलुपं ज्याच्या भरवशावर, त्या प्रकल्पाला वर्षाला देणगी मिळत होती दोन हजार डॉलरच्या आसपास. 2024 मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण झालं. एकटा, थकलेला माणूस ते सांभाळत होता. मदतीच्या नावाने दुसरा कोणी दोनेक वर्षं चिकाटीने जवळ आला आणि त्यात चोरदरवाजा बसवून गेला. उघडकीला आलं ते आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन अर्ध्या सेकंदाने उशिरा होतंय असं वाटलं म्हणून. त्या थकलेल्या माणसाचं काम आपल्या मालात घालून विकणाऱ्या कंपन्या किती असतील?

आपल्याकडे थोडी हालचाल आहे. झिरोधाने 2024 मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. मुंबईच्या फ्रापेने आपलं ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली खुलं ठेवूनही धंदा उभा केला. त्यांचं नाव मी सारांपुढे मुद्दाम काढते, कारण तेही बिलं आणि खातीच विकतात.

सारांशी माझं भांडण पुढे पैशावर आलं. प्ले स्टोअर आमच्या विक्रीतले 15 टक्के कापून घेतं आणि त्यावर आमच्याकडे कोणी ब्र काढत नाही. मी म्हटलं, एक टक्का खालच्या लोकांना देऊ. सार म्हणाले, प्ले स्टोअर न दिल्यास दुकान बंद करतं, हे लोक काय करतात? बिनतोड होतं, मान्य. बऱ्याच घासाघिशीनंतर एक ठरलं: ॲपमध्ये ‘यातलं आमचं नसलेलं’ अशा नावाचं एक पान, तमिळमध्येही, आमच्या हाताने झालेल्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पाला परत पाठवणं, आणि ज्या एका छोट्या लायब्ररीच्या कर्त्याला आम्ही सगळ्यांत जास्त छळलं होतं त्याला वर्षाला तीनशे डॉलर. तो युरोपातला एक गृहस्थ, नोकरी सांभाळून हे करणारा.

आणि मग आमचे सीए आले. म्हैलापूरचे जुने गृहस्थ, कपाळाला विभूती, हातात अजून शाईचं पेन. त्यांनी विचारलं, “काय विकत घेतलं?” मी म्हटलं, काही नाही, ते आधीपासून वापरतोय. “मग इन्व्हॉइस?” नाही. “मग देणगी का? परदेशातल्या माणसाला कंपनीने देणगी कशाला द्यायची?” देणगी म्हणावं तर खर्चात धरता येईना, फी म्हणावं तर टीडीएसचा प्रश्न, आणि परदेशी पैसे पाठवायचे म्हणजे आयकराचे फॉर्म आलेच. युरोपातल्या त्या गृहस्थाकडे आम्ही, तो त्याच्या देशात कर भरतो असा दाखला, भारतात त्याचं कार्यालय नाही असं पत्र, असं एकेक मागत गेलो. तीनशे डॉलरसाठी. तीन आठवड्यांनी त्याने कळवलं की पैसे राहू द्या, त्यापेक्षा तमिळची मोडकी बिलं असतील तेवढी पाठवा, त्याला तपासायला नमुने मिळत नाहीत.

बिलं आम्ही त्याच दिवशी पाठवली, गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर खोडून. पैशाचा नाद मात्र मी सोडला नाही. सीएंनी शेवटी ‘सॉफ्टवेअर देखभाल’ असा करार बसवला, त्याच्याकडून एका पानावर सही आणली, स्वतःची फी लावली, आणि ती तीनशे डॉलरच्या निम्म्याहून जास्त झाली. पैसे गेले. जाताना त्यांनी विचारलं, हे दरवर्षीचं का, म्हणजे मी खात्यात तसं हेड उघडतो. मी हो म्हटलं. सारांना ते मार्चमध्ये कळेल.